खुंटीवरचा रुमाल

८ जानेवारी

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस. बरं, नाही उचलायचा तर वाजू तरी द्यावा माणसाने, तू मध्येच बंद करतोस. म्हणून हा कागद. कागद मध्येच बंद करता येत नाही. फार तर फाडता येतो, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. मी तुझा मोठा भाऊ आहे, तुझ्या खोड्या मला पाठ आहेत. आशीर्वाद वरच्या कोपऱ्यात ठेवलेत. हवे असले तर घे.

कारखाना झकास चाललाय. तू गेलास की छप्पर खाली येईल असं तुला वाटलं असेल, तर तसं काही झालेलं नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या खाटांचं काम या महिनाअखेर पुरं होऊन गाड्या सुटतील. ज्याला तू 'होयबा' म्हणायचास त्या मॅनेजरने तुझं टेबल सांभाळलंय. माणूस चांगला आहे. मी हो म्हटलं तर हो म्हणतो, नाही म्हटलं तर नाही म्हणतो. तुझ्यासारखा दर वाक्याला 'पण दादा' करत नाही.

आणि हो, तू खांद्यावर टाकून गेटबाहेर घेऊन गेलास तो रडका रुमाल परत पाठवायची गरज नाही. मी नवा आणला. तसाच पिवळाधमक, उलट जरा मोठाच. बैठकीच्या खोलीत त्याच खुंटीवर टांगलाय. सांगायला आनंद वाटतो की तू गेल्यापासून तो एकदाही खाली उतरलेला नाही. रोज सकाळी मी विचारतो, "कोण रडतंय आज?" सगळे हसतात, माना हलवतात आणि कामाला लागतात. आठव, पूर्वी दर आठवड्याला कुणीतरी तोंड पाडून यायचा. पत्रा वेळेवर आला नाही, रंग सुकला नाही, अमकं मोडलं, तमकं तुटलं. मग संध्याकाळपर्यंत रुमाल खांद्यावर घेऊन फिरायचा आणि कॅन्टीनमध्ये बाकीचे ताटावर चमचे वाजवायचे. आता कुणाची तक्रारच नाही. माणसं सुधारतात रे, फक्त हसतखेळत सुधारावी लागतात. तुला मात्र तो खेळ झोंबला. सख्ख्या भावाला सोडलं असतं तर बाकीच्यांनी काय म्हटलं असतं, याचा विचार तू केला नाहीस.

माझे कान तुला माहीत आहेत. आई म्हणते, हा जन्मला तेव्हा आधी कान बाहेर आले, मग हा आला. केबिनची भिंत मी प्लायवूडची ठेवलीय ती उगाच नाही. वेल्डर बायकोशी भांडून आलाय, स्टोअरवाला दुसरीकडे नोकरी बघतोय, मला सगळं पहिल्या चहाच्या आत कळतं. आणि ती टणटण अजून आहे. मी जिना उतरून खाली पाऊल टाकलं की पत्रा वाकवायच्या प्रेसच्या बाजूने हातोड्याचे दोन ठोके येतात, टण, टण. दिवसातून कितीदाही उतरलो तरी येतात. भाड्याच्या शेडमध्ये मी वेल्डिंग करायचो आणि तू नळी धरून बसायचास, तिथून आपण इथवर आलो. ते दोन ठोके ऐकले की वाटतं, ही आपल्या कारखान्याची नाडी. चालू आहे तोवर काळजी नाही.

मुद्द्याची गोष्ट अशी की आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. घरी आली की महिनाभर तरी खाटेवर. मी ठरवलंय, हॉस्पिटलच्या मालातली एक खाट तिच्यासाठी काढायची. पाठ उचलणारी, दोन्ही बाजूंना कठडे असलेली, एकदम राजेशाही. मुलांनी घडवलेल्या खाटेवर आई झोपणार, यापेक्षा मोठं काय? कठडा वर अडकवून धरणाऱ्या खिटीबद्दल तू जायच्या दिवशी सगळ्यांसमोर बोललास ते माझ्या लक्षात आहे. स्प्रिंग मऊ आहे, खिटी खाचेत पुरती बसत नाही, अंगाचा भार पडला की सुटेल. मॅनेजरने नंतर तपासून सांगितलं, "साहेब, एक नंबर आहे." तेव्हा तो विषय संपला.

राग किती दिवस धरायचा याचं काहीतरी माप असावं. ये परत.

दादा

*

२९ जानेवारी

धाकट्या,

पत्राला उत्तर नाही. ठीक. पण लांब्याला फोन करायला तुला वेळ आहे. वाटलं होतं मला कळणार नाही? आपला फिटर, आपल्या वेळेत, गोदामामागे जाऊन कुणाशी कुजबुजतो, हे मला संध्याकाळच्या आत कळलं. मॅनेजरनेच सांगितलं. मी लांब्याला बोलावलं. तो दारात वाकून उभा. एवढा उंच माणूस माझ्या केबिनमध्ये आला की कायम वाकतो, दार तर चांगलं उंच आहे.

"काय म्हणत होता धाकटा?"

"काही नाही साहेब. आईंची चौकशी."

"आईची चौकशी तुझ्याकडे? तू काय डॉक्टर?"

हसला. मीही हसलो. पण एक सांगून ठेवतो. माझी माणसं फोडून तिकडे न्यायचा विचार असेल तर समोर येऊन ने.

आई घरी आली. ऑपरेशन छान झालं. खाट तिच्या आधी येऊन बसली होती. लांब्या आणि ड्रायव्हर दोघांनी मिळून लावली, खिडकीपाशी, तिला रस्ता दिसेल अशी. आई झोपून बघते काय, तर खाटेच्या उजव्या कठड्याला सुतळी! खिटीच्या जागी चांगले चार वेढे आणि वर गच्च गाठ. मी म्हटलं, हे काय? कारखान्याच्या मालकाच्या घरातली खाट आणि ती सुतळीने बांधलेली? उद्या बघायला येणारा म्हणेल, यांच्या खाटा यांच्याच घरी उभ्या राहत नाहीत. लांब्याला म्हटलं, "अरे, खाट बांधलीयस की बकरी?" तुझी वहिनीसुद्धा हसली. लांब्याही हसला. मी म्हटलं, "सोड ती." तर म्हणे, "राहू द्या ना साहेब, प्रवासात हलू नये म्हणून बांधली होती." प्रवास झाला, आता कशाला? सोडायला गेलो तर गाठ कसली, दगड! आपण सायकलच्या मागे नळ्या बांधून न्यायचो तेव्हा तू मारायचास तसली. तुझी ती गाठ मला आयुष्यात कधी सुटली नाही. शेवटी कात्री आणून कापली.

आई म्हणाली, "राहू दे की ती. मला कुठे टोचतेय?"

मी म्हटलं, "आई, शोभत नाही."

म्हातारी माणसं कशात जीव गुंतवतील सांगता येत नाही.

हॉस्पिटलच्या गाड्या काल गेल्या. मॅनेजरने सगळ्यांना पेढ्यासारखे गोड शब्द वाटले, मीही दोन बोललो. टाळ्या. रुमाल खुंटीवरच.

आई तुझी आठवण काढते. मी काढत नाही, मी आपला कळवतो.

दादा

*

११ फेब्रुवारी

धाकट्या,

घाबरू नकोस, आई ठीक आहे. काल सकाळी जरा पडली. फरशी ओली असावी. कामवाली बाई पुसून गेली होती की नाही, ते विचारतोय. डावं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय. गुडघ्याला धक्का नाही, डॉक्टर म्हणाले नशीब. डोक्याला थोडं लागलं, दोन टाके. आता झोपलीय.

कठड्याला धरून उठत होती, एवढंच. कठड्याचा काही संबंध नाही. पडताना माणूस हाताला येईल ते धरतो, मग ते खाली येणारच.

तुझी वहिनी दोन दिवसांपासून माझ्याशी कामापुरतं बोलते. का, ते सांगत नाही. या घरात हल्ली सगळ्यांना काहीतरी माहीत असतं आणि मला नसतं.

आईने तुला बोलावलंय. मी नाही, आईने.

दादा

*

१९ फेब्रुवारी

मागच्या पत्रात मी फरशीबद्दल लिहिलं ते खोटं होतं. फरशी कोरडी होती. बाई यायचीच होती.

परवा दुपारी आईला तुझ्या वहिनीने खुर्चीत बसवलं होतं. मी एकटा त्या खाटेपाशी गेलो. कठडा वर केला, खिटी लावली. 'टक' असा आवाज आला. एवढे तीक्ष्ण कान माझे, तो आवाज ऐकून मी शपथेवर सांगितलं असतं की खिटी बसली. मग मी कठड्यावर हात ठेवून थोडा रेललो. सबंध भारही टाकला नव्हता. कठडा खाली गेला आणि मी गुडघ्यांवर आलो. आई खुर्चीतून बघत होती. नजर रस्त्याकडे वळवली, मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून.

लांब्याला घरी बोलावलं. केबिनमध्ये नको म्हटलं. तो आला तो दारातच थांबला. मी म्हटलं, "आत ये, बस, आणि वाकू नकोस." बसला तरी वाकलेलाच.

"ती सुतळी कुणी सांगितली बांधायला?"

त्याने नखांकडे बघितलं. मग म्हणाला, "धाकट्या साहेबांनी. त्यांचा फोन आला होता. म्हणाले, दादाचं पत्र आलंय, आईला त्याच मालातली खाट देणार आहे. तू जाऊन त्याला सांग, खिटी बदलल्याशिवाय देऊ नको."

"मग सांगितलं का नाहीस?"

"आलो होतो साहेब, बैठकीला. तुम्ही विचारलंत, कोण रडतंय. मी हात वर करायला गेलो, तेवढ्यात मॅनेजर साहेबांनी खुंटीकडे बघितलं आणि सगळे हसले. मी केस सारखे केले आणि हात खाली घेतला."

मला तो प्रसंग आठवतो रे. मीही हसलो होतो. मला वाटलं, हा आपला केसच सारखे करतोय.

"मग त्यांना फोन करून सांगितलं, जमलं नाही. ते म्हणाले, निदान बांध तरी. आणि आईंना सांग, तिकडून उतरू नको. ते मी सांगितलं."

म्हणजे आईलाही माहीत होतं. मी रात्रभर ते मनात धरलं आणि सकाळी तिला विचारलं. आई काय म्हणाली ऐक. "तू एवढ्या हौसेने खाट आणलीस. तुला वाईट वाटलं असतं. मी आपली जपून उतरत होते, त्या दिवशी तोल गेला." वाईट वाटलं असतं! धाकट्या, माझ्या घरात खुंटी नाही, रुमाल नाही, तरी माझी आई मला वाईट बातमी सांगायला कचरते. तुझ्या वहिनीला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "आईंनी मला पडण्याच्या आदल्या दिवशीच सांगितलं. तुम्हाला सांगायचं तर तुम्ही आधी त्याचा विनोद करता. मग सांगणाराच मूर्ख ठरतो." आणि आत गेली.

लांब्या जाताना मी आणखी एक विचारलं. तो आता घाबरायचा थांबला होता. एकदा बांध फुटला की पाणी आपोआप येतं.

"प्रेसवर ती टणटण कोण करतं रे?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "साहेब, खरंच माहीत नाही तुम्हाला?"

"काय?"

"ती तुमच्यासाठी असते. म्हणजे, तुमच्यासाठी नाही, आमच्यासाठी. तुम्ही खाली उतरलात, असं सांगायला. मग सगळे गप्प."

माझी नाडी! वर्षानुवर्षं मी जिना उतरायचो, ती ऐकायचो, आणि छाती फुगवून पुढे जायचो. मांजर आपल्या गळ्यातल्या घंटेवर खूश होतं म्हणतात, तसा मी. प्लायवूडच्या भिंतीतून मला वेल्डरचं भांडण ऐकू यायचं, कारण ते मला ऐकू यावं असं कुणाला तरी वाटायचं. जे ऐकायला हवं होतं ते सगळं त्या दोन ठोक्यांनंतर बंद व्हायचं.

आणि तुझं. मी इथे महिनाभर फुगून बसलो की हा पत्राला उत्तर देत नाही. तुझं उत्तर आलं होतं. चार वेढे आणि वर गाठ. मी ते सगळ्यांना दाखवून हसलो आणि कात्रीने कापलं.

मला शिव्या द्यायच्या असतील तर दे. फोन करून दे, मी उचलीन.

दादा

*

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

फोन आला नाही. बरोबर आहे. काम काय झालं ते कळवतो.

त्या दिवशी पत्र टाकून घरी आलो आणि लगेच हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरीण बाईंना फोन लावला. सांगितलं, कठडे वापरू नका, पेशंटला ते धरू देऊ नका, आम्ही सगळ्या खिट्या बदलून देतो. बाई थंडपणे म्हणाल्या, "आमच्या नर्सेसनी बांधून ठेवलेत. पहिल्याच आठवड्यात. तुमच्या ऑफिसला कळवलंही होतं." कुणाला कळवलं होतं, ते मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं, आणि त्या बिचाऱ्या होयबाने ते माझ्यापर्यंत का आणलं नाही, तेही. त्याला होयबा मीच केला. नोकरीला लागला तेव्हा तो चांगला बोलका होता.

मग सकाळची बैठक. मी आत गेलो, खुंटीवरचा रुमाल काढला आणि आपल्याच खांद्यावर टाकला. म्हटलं, "आज मी रडतोय."

हसले. सगळे. आधी मॅनेजर, मग बाकीचे, मग टाळ्या. स्टोअरवाल्याने टेबलावर चमचा वाजवला. मी म्हटलं, "अरे, खरंच सांगतोय." आणखी हसले. साहेबांचा नवा विनोद! मी सांगत गेलो, खिटी सुटते, आई पडली, मनगट मोडलं, हॉस्पिटलचा सगळा माल परत आणायचाय, आणि ते हसतच होते. हळूहळू एकेकाचं हसू थांबत गेलं. थांबलं तरी तोंड उघडंच, कारण कधी मिटायचं ते कुणाला कळेना. त्या तोंडांकडे बघताना मला जे झालं ते तुला सांगत नाही. तू त्या खोलीत उभा होतास, तुला ठाऊक आहे तिथे कसं वाटतं. फरक एवढाच, तुझ्या वेळी हसवणारा मी होतो.

मी म्हटलं, "आता बोला. जे असेल ते."

मॅनेजर म्हणाला, "साहेब, चहा सांगू?"

शेवटी मागून रंगखात्यातली बाई उठली. तीच, जी कधी बैठकीत तोंड उघडत नाही. भिंतीकडे बघून म्हणाली, "साहेब, रंगही धरत नाहीये. नव्या पत्र्यावर पापुद्रे सुटतात. दिवाणखान्यात शोभेला ठेवायच्या असतील खाटा तर चालेल, हॉस्पिटलात रोज पुसून पुसून दोन महिन्यांत गंज दिसेल."

मला लगेच एक विनोद सुचला. चांगला होता, अगदी जिभेच्या टोकावर आला. माझ्या खांद्यावर रुमाल होता, हात आपोआप त्याच्याकडे गेला, तिच्या दिशेने टाकायला. तिने खांदा किंचित आकसून घेतला. त्यासाठीच तयार होऊन उठली होती बाई. आधी खांदा तयार केला आणि मग बोलली.

मी हात खाली घेतला. विनोद गिळला. म्हटलं, "कधीपासून?" ती म्हणाली, "तुम्ही नवा रुमाल आणलात तेव्हापासून." मग वेल्डर बोलला. मग आणखी एक. तुझ्या टेबलावर आता एवढं काम साठलंय की मॅनेजरला घाम फुटलाय. रुमाल मी घरी आणलाय, तुझ्या वहिनीने त्याचं फडकं केलं. खुंटी तिथेच आहे. उपटून काढली तर भिंतीला भोक राहील आणि सगळे त्याच्याकडेच बघतील.

सगळं सुरळीत झालं असं समजू नकोस. काल मी जिना उतरलो तर टण, टण. आजही. मी प्रेसवाल्याला काही म्हटलं नाही. तो उद्या माझ्या सांगण्यावरून थांबला तर त्याचा उपयोग काय? त्याचा तो थांबला पाहिजे.

आज संध्याकाळी घरी आलो तर आईचा चेहरा वेगळाच. विचारलं तर म्हणे काही नाही. तुझी वहिनीही काही नाही. टेबलावर तीन कप विसळून पालथे घातलेले, आणि दुपारी घरात माणसं दोन. कान माझे अजून आहेत, पण आता डोळेही वापरतो. मग खाटेकडे बघितलं. उजव्या कठड्याला नवी सुतळी. चार वेढे, आणि वर ती गाठ. लांब्याची नाही. त्याने मागच्या वेळी तुझी नक्कल केली होती, आज शेजारी ठेवली असती तर फरक कळला असता.

मी कारखान्यात असण्याची वेळ बघून आलास. ठीक आहे. मीही तेच केलं असतं.

आईने मला विचारलं, "कापतोस?"

मी म्हटलं, "नाही."

परवा ही खाट नव्या खिटीसाठी कारखान्यात न्यायचीय. नेताना गाठ सोडावी लागेल. मला ती सुटत नाही, मला फक्त कापता येते. तेव्हा परवा सकाळी तू ये. कारखान्यात नको, घरी ये. मी घरीच असेन, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझा दादा